पांढरा म्हणजे कोणता पांढरा? उमरावती कापसापासून टेबलावरच्या मॉनिटरपर्यंत

लिव्हरपूलच्या कापूसबाजारात एकोणिसाव्या शतकात कापसाचा एक प्रकार ‘ऊमरावटी’ या नावाने विकला जाई. पुढे दलालांनी घाईच्या सोयीसाठी त्याचे ‘ऊमराज’ केले. नाव आपल्याच उमरावतीचे, म्हणजे आजच्या अमरावतीचे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतला आखूड धाग्याचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना एकाएकी हवाहवासा झाला. १८६७ साली मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचला. ज्या दलालाने वऱ्हाड नकाशातही पाहिला नव्हता, त्याच्या तोंडी आपल्या गावाचे मोडके नाव रोज येऊ लागले.

हा धागा कॉम्प्युटरच्या मॉनिटरविषयी आहे. कामासाठी कोणता घ्यावा, फोटोंसाठी कोणता, खेळांसाठी कोणता, हा प्रश्न माझ्या परिचयातले निम्मे संशोधक विद्यार्थी आणि जवळजवळ सगळे छायाचित्रकार विचारतात. तरीही सुरुवात कापसापासून केली, कारण पडद्यापुढचा पहिला प्रश्न आणि कापसाच्या गंजीपुढचा पहिला प्रश्न एकच आहे. समोर दिसतो तो पांढरा खरोखर पांढरा आहे का, आणि ते ठरवायचे कोणी?

कारंजा लाड हे गाव आज वाशीम जिल्ह्यात आहे. वाशीम जिल्हाच १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. या कारंज्यात १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशान्वये कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. देशातला तो पहिला मानला जातो. पाठोपाठ १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा आला. माप खरे असावे, वजनात कसर मारली जाऊ नये, दलाली ठरलेली असावी, यासाठी हा सारा खटाटोप होता. तागडीचे खरे-खोटे तपासता येत होते. रंगाचे मात्र तसे नव्हते. पहिल्या वेचणीचा शुभ्र कापूस, पावसात भिजून डागाळलेली कवडी आणि हंगाम सरल्यावर पुन्हा पाणी देऊन घेतलेली फरदड यांतला फरक डोळ्यांनीच करायचा. १९७२ साली राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना आली, तेव्हाही केंद्रावरचा ग्रेडर मूठभर कापूस उचलून उजेडाकडे धरत असे आणि त्याच्या त्या एका नजरेवर शेतकऱ्याच्या वर्षाचा हिशेब ठरत असे. सकाळच्या उन्हात पांढरी दिसणारी रुई टिनाच्या शेडखाली पिवळट दिसते. यावरून झालेली भांडणे आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना अजून आठवतात.

अमेरिकेतही भांडण हेच होते. तिथल्या कृषी खात्यात १९२७ सालापासून काम करणाऱ्या डोरोथी निकरसन या बाईंनी रिचर्ड हंटर यांच्यासह १९५०च्या सुमारास कापसाचा रंग मोजण्याचे यंत्र सिद्ध केले. ते कापसाचा उजळपणा एका आकड्यात आणि पिवळेपणा दुसऱ्या आकड्यात सांगे. म्हणजे ‘हा कापूस चांगला दिसतो’ या वाक्याची जागा दोन संख्यांनी घेतली. आज मॉनिटरच्या खोक्यावर जी रंगांची आकडेवारी छापलेली असते, ती याच घराण्यातली आहे.

त्या घराण्याचा मूळ पुरुष मात्र आणखी जुना. १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात लंडनमध्ये डब्ल्यू. डी. राइट यांनी १० जणांना आणि टेडिंग्टनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत जॉन गिल्ड यांनी ७ जणांना दुर्बिणीसारख्या उपकरणातून रंग जुळवायला बसवले. तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन प्रकाश कमी-जास्त करून समोरच्या रंगाशी मेळ घालायचा, एवढेच काम. या १७ जोडी डोळ्यांच्या सरासरीवरून १९३१ साली आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने ‘प्रमाण निरीक्षक’ नावाचा एक कल्पित माणूस निर्माण केला. जगातला प्रत्येक मॉनिटर, प्रत्येक मोबाइल, प्रत्येक छपाईयंत्र आजही रंगाच्या बाबतीत त्या कल्पित माणसाची साक्ष मानते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे क्षणभर थांबायला हवे. जिला आपण ‘वस्तुनिष्ठ’ मोजणी म्हणतो, तिच्या मुळाशी विसाव्या शतकातले १७ ब्रिटिश निरीक्षक बसलेले आहेत. गंमत अशी, की पुढच्या तपासण्यांत ही सरासरी बरीचशी टिकली. साधन लहान असूनही निष्कर्ष पक्का निघण्याचे हे दुर्मीळ उदाहरण.

१९९६ साली एचपी आणि मायक्रोसॉफ्ट या दोन कंपन्यांनी त्या पायावर ‘एसआरजीबी’ नावाचे रंगमान मांडले आणि १९९९ साली ते आंतरराष्ट्रीय मानक झाले. एसआरजीबी म्हणजे रंगांचा एक ठरावीक गाव. त्याच्या शिवेबाहेरचे रंग त्यात दिसत नाहीत. शिवेच्या आतला प्रत्येक रंग मात्र कुठे बसतो, हे ठरलेले असते. या गावाचा पांढरा म्हणजे ‘डी-६५’, साधारण ६५०० केल्विनचा दिवसाचा उजेड. दुकानात मांडलेले बहुतेक मॉनिटर यापेक्षा निळसर पांढरे लावलेले असतात, कारण निळसर पांढरा शेजारच्या पडद्यापेक्षा ‘जास्त पांढरा’ वाटतो. कपड्यांना नीळ देण्याचे तत्त्व तेच. नीळ दिलेल्या सदऱ्यावरून सुताची प्रत ओळखू नये, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते.

आता हा पांढऱ्याचा वाद इतिहासात कुठे जीवघेणा ठरतो, ते पाहू.

अजिंठा हे नाव ऐकले की आपण मराठवाड्याकडे बोट दाखवतो, आणि भूगोलाने ते बरोबरच आहे. पण पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात ही लेणी रंगली ती वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेच्या काळात, आणि वत्सगुल्म म्हणजे आपले वाशीम. राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने १६ क्रमांकाचे लेणे खोदवले, असे तिथला शिलालेखच सांगतो. १९३९ साली वाशीमला सापडलेल्या ताम्रपटाने ही शाखा इतिहासाच्या उजेडात आली आणि नागपूरच्या वा. वि. मिराशींनी तिचा माग काढला. तेव्हा अजिंठ्याच्या रंगांविषयी बोलण्याचा वऱ्हाडच्या पोरांना थोडा वडिलोपार्जित हक्क आहे.

१८१९ साली जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस ही लेणी पडली. १८४४ साली कंपनी सरकारने मद्रास फौजेतल्या रॉबर्ट गिल याला चित्रांच्या नकला करायला पाठवले. गिलने आयुष्याची पुढची वर्षे याच मुलखात घालवली. चित्रे केली, मग कॅमेरा हाती घेतला, अजिंठ्याची आणि लोणारसारख्या वऱ्हाडातल्या स्थळांची छायाचित्रे काढली. १८७९ साली तो वारला आणि भुसावळला त्याचे थडगे आहे. त्याने रंगवलेले प्रचंड कॅनव्हास लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगले होते. ३० डिसेंबर १८६६ रोजी तिथे आग लागली आणि हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे सोडून सगळे जळाले. मग १८७२ सालापासून मुंबईच्या कला शाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी पुन्हा कामाला लागले. त्यांच्या नकला साऊथ केन्सिंग्टनला गेल्या, आणि १८८५ साली तिथेही आग. त्यांतल्या कित्येक गेल्या. रंगांची साक्ष दोनदा जळाली.

भिंतीवरची मूळ साक्ष तरी निर्मळ राहिली का? नाही. चित्रे उठून दिसावीत म्हणून ग्रिफिथ्सच्या काळात भिंतींवर व्हार्निश लावले गेले. १९२०-२२ मध्ये निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी पोपडे धरून ठेवण्याचे मोलाचे काम केले. परंतु त्यांनी वापरलेले लाखेचे आवरणही काळाबरोबर पिवळे पडले. पुढे पुरातत्त्व खात्याला ही आवरणे फार सावधपणे उतरवावी लागली.

आता आपल्या हातातला पुरावा पाहा. पद्मपाणीचे एक छायाचित्र मॉनिटरवर उघडले आहे आणि ते पिवळसर दिसते आहे. हा पिवळेपणा कोणाचा? पाचव्या शतकातल्या चित्रकाराने वापरलेल्या पिवडीचा, ग्रिफिथ्सच्या व्हार्निशचा, इटालियनांच्या लाखेचा, छायाचित्रकाराच्या दिव्याचा, की आपल्या मॉनिटरचा? पहिल्या चारांचा निवाडा करणे म्हणजे इतिहास. पाचवा मात्र आपणच निर्माण केलेला गोंधळ, आणि तो आपल्याला पैशाने व थोड्या कष्टाने दूर करता येतो. आमच्या अभ्यासगटात एकदा लेणे क्रमांक २ च्या छतावरच्या निळ्यावरून तासभर वाद रंगला. एकाच्या लॅपटॉपवर तो जांभळट होता, दुसरीच्या मोबाइलवर मोरपिशी. तो निळा म्हणजे बदख्शानच्या खाणींतून, आजच्या अफगाणिस्तानातून, आलेला लाजवर्द. अजिंठ्याच्या रंगपेटीत बाकी गेरू, पिवडी, हिरवी माती, काजळ आणि चुना असा घरचा माल. हा एवढाच परदेशी. त्याचा दर्जा, दाटपणा, तो कुठे वापरला आणि कुठे वाचवला, यावरून व्यापाराचे आणि आश्रयदात्याच्या ऐपतीचे अनुमान निघते. ज्याच्यावरून अनुमान काढायचे, तो रंग पडद्यागणिक बदलत असेल, तर आपण नक्की कशाचा अभ्यास करतो आहोत?

यातून खरेदीचा पहिला निर्णय निघतो, आणि तो जाहिरातींच्या उलट आहे. दुकानदार ‘जास्त रंग’ विकतात: अडोब आरजीबी, डीसीआय-पी३, शंभर कोटी छटा. पण गेरू, पिवडी, माती, जुना कागद, शाई यांसारखे मातकट रंग एसआरजीबीच्या शिवेत आरामात बसतात. इतिहासाच्या छायाचित्रांसाठी रंगांचा गाव मोठा असण्यापेक्षा त्यातले पत्ते बरोबर असणे महत्त्वाचे. एसआरजीबी पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण दाखवणारा आणि कारखान्यातूनच रंग जुळवून आलेला साधा मॉनिटर हा रंगांची उधळण करणाऱ्या बेहिशेबी पडद्यापेक्षा चांगला साक्षीदार आहे. लग्नाचे अल्बम छापणाऱ्या किंवा पुस्तकछपाईसाठी चित्रे सिद्ध करणाऱ्या माणसाची गोष्ट वेगळी. काही छपाई-शाया हिरव्या-निळ्याच्या बाजूने एसआरजीबीची शीव ओलांडतात, तिथे मोठ्या रंगमानाचे पैसे वसूल होतात.

पडद्यात आत काय चालते, हा पुढचा प्रश्न. आणि इथे कथा अनपेक्षितपणे विदर्भात येते.

१८८८ साली प्रागमध्ये फ्रीड्रिख रायनित्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाला कोलेस्टेरॉलचे एक संयुग दोनदा वितळताना दिसले. १४५.५ अंशांना तो घट्ट पदार्थ गढूळ द्रव झाला आणि १७८.५ अंशांना तो द्रव स्वच्छ झाला. मधली अवस्था ना धड घन, ना धड द्रव. तिला पुढे द्रवस्फटिक म्हणू लागले. जवळजवळ ऐंशी वर्षे ही प्रयोगशाळेतली नवलाई होती. १९७०-७१ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये शाड्ट आणि हेलफ्रिख यांनी दोन काचांमध्ये द्रवस्फटिकांचे काडीसारखे रेणू पिळून बसवले आणि विजेच्या किंचित दाबाने तो पीळ उलगडून दाखवला. पीळ असताना प्रकाश पार होतो, उलगडला की अडतो. हेच ‘टीएन’ पॅनेल. स्वस्त, चपळ, आणि एका बाबतीत दुष्ट: समोरून बघाल तर ठीक, बाजूने किंवा खालून बघाल तर रंग फिरतात, गोरा माणूस काळाठिक्कर होतो.

या दोषावरचा एक उतारा शिवरामकृष्ण चंद्रशेखर यांच्या शोधातून आला. नोबेलवाले सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर वेगळे. हे सर सी. व्ही. रामन यांचे भाचे. जन्म १९३० चा, कोलकात्याचा. पण भौतिकशास्त्राची एम.एस्सी. त्यांनी १९५१ साली नागपूर विद्यापीठातून पहिल्या क्रमांकाने मिळवली. त्या काळी अमरावती-अकोल्याची महाविद्यालयेही याच विद्यापीठाच्या छत्राखाली होती. अमरावती विद्यापीठ वेगळे झाले ते १ मे १९८३ रोजी. चंद्रशेखर पुढे म्हैसूरला प्राध्यापक झाले आणि १९७१ साली बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत त्यांनी द्रवस्फटिकांची प्रयोगशाळा उभारली. तोवर जगाची समजूत अशी होती, की द्रवस्फटिक व्हायचे तर रेणू काडीसारखा लांबट हवा. १९७७ साली चंद्रशेखर, सदाशिव आणि सुरेश या तिघांनी ‘प्रमाण’ या भारतीय नियतकालिकात दाखवून दिले, की चकतीसारखे रेणूही एकावर एक रचून द्रवस्फटिक होतात. परदेशी नियतकालिकाची वाट न पाहता घरच्या नियतकालिकात छापलेला हा लेख जगभर वाचला गेला, ही मला यातली सर्वांत आवडती बाब.

काडी आणि चकती यांचे प्रकाशाशी वागणे परस्परविरुद्ध असते. काड्यांनी तिरप्या नजरेला जो बिघाड होतो, तो चकत्यांचा पातळ थर बऱ्याच अंशी भरून काढतो. १९९०च्या दशकात जपानच्या फुजीफिल्मने नेमका असा चकती-रेणूंचा पापुद्रा बाजारात आणला आणि टीएन पडदे बाजूनेही पाहण्याजोगे झाले. २००० नंतर आपल्या सायबर कॅफेंमध्ये जे चपटे मॉनिटर आले, त्यांतल्या अनेकांत नागपूरच्या या विद्यार्थ्याच्या शोधाचा असा एक अदृश्य पापुद्रा होता.

१९९६च्या सुमारास हिताचीने दुसरा मार्ग बाजारात आणला. रेणूंना उभे न करता काचेच्या पातळीतच आडवे फिरवायचे. हे ‘आयपीएस’. बाजूने पाहिले तरी रंग फारसे ढळत नाहीत, म्हणून छायाचित्रे आणि दस्तऐवज यांच्यासाठी आज हाच पहिला पर्याय. काळा रंग मात्र त्यात राखाडीकडे झुकतो. ‘व्हीए’ पॅनेलचा काळा गडद असतो, चित्रपट आणि अंधाऱ्या खेळांना छान. पण गडद छटा बदलताना ते थोडे रेंगाळते. आणि १९८७ साली कोडॅकच्या टँग आणि व्हॅन स्लाइक यांनी ज्याचा पाया घातला तो ‘ओलेड’: प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, काळा म्हणजे खरोखर काळा. तरी दिवसभर एकच टास्कबार आणि एकच वर्ड फाइल उघडी ठेवणाऱ्याने तो जपून घ्यावा. स्थिर चित्राचा डाग त्यावर उमटू शकतो, आणि उष्णतेने त्याचे वय लवकर वाढते. अकोल्याचा मे महिना ज्याने पंख्याखाली काढला आहे, त्याला याहून अधिक सांगायला नको.

रंगाइतकाच मोठा प्रश्न अक्षराचा आहे. १९८१ साली आयबीएमचा पहिला पीसी आला, तेव्हा त्याच्या हिरव्या मॉनिटरवर ८० रकाने आणि २५ ओळी बसत. एका अक्षराला ९ ठिपके रुंदी आणि १४ ठिपके उंची. रोमन अक्षराला तेवढी खोली पुरते. ‘र्की’ किंवा ‘ट्रू’ त्यात बसवून दाखवा! वर वेलांटी आणि रफार, मधे शिरोरेषा, खाली उकार, आणि जोडाक्षर असेल तर आणखी एक मजला. देवनागरीला पडद्यावर जागा मिळवून देण्याचे काम आयआयटी कानपूरमध्ये १९८०च्या दशकात झाले आणि १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने ‘जिस्ट’ कार्डाच्या रूपाने ते कचेऱ्यांत पोहोचवले. कॉम्प्युटरच्या पोटात हे कार्ड खोचले की इंग्रजीसाठी बनवलेला पडदा मराठी बोलू लागे.

म्हणून मराठी वाचणाऱ्याने ठिपक्यांची घनता पाहावी. २४ इंची फुल एचडी पडद्यावर एका इंचात सुमारे ९२ पिक्सेल येतात, २७ इंची क्यूएचडीवर १०९, २७ इंची फोर-केवर १६३. इंग्रजी मजकुराला पहिला चालून जातो. देवनागरीत लहान टाइप असेल तर ‘ध’ आणि ‘घ’ किंवा रफार आणि अनुस्वार यांच्यात डोळा अडखळतो. २७ इंची फुल एचडी घेऊ नका. तेवढेच ठिपके मोठ्या काचेवर पसरतात आणि अक्षरांना कंगोरे येतात.

मोडीवाल्यांची तऱ्हा आणखी निराळी. १८०३ साली अडगावची लढाई आणि गाविलगडचा पाडाव झाला, देवगावच्या तहाने भोसल्यांचा वऱ्हाडवरचा अंमल गेला. पण त्याआधीच्या दोअमलीच्या काळातली आणि नंतरचीही कागदपत्रे जुन्या देशमुख-देशपांड्यांच्या वाड्यांत मोडीत बांधून पडली आहेत. आज त्यांच्या स्कॅन फाइली पेनड्राइव्हवर फिरतात. १३ इंच लांबीचा कागद ३०० डीपीआयने स्कॅन केला, तर त्याची उंची ३९०० पिक्सेल होते. फुल एचडी पडद्याची उंची १०८० पिक्सेल. म्हणजे खऱ्या आकारात कागदाचा चौथ्या हिश्श्याहून थोडाच जास्त भाग एका वेळी दिसतो. मोडीत लेखणी न उचलता ओळ धावते, ऱ्हस्व-दीर्घ पाळलेले नसते, वाक्य कुठे संपते हे मागच्या-पुढच्या मजकुरावरून ठरते. आणि आपण मात्र पत्र खिडकीच्या फटीतून वाचल्यासारखे तुकड्यातुकड्याने वाचतो. यावर सोपा उपाय म्हणजे फिरणारा स्टँड. २७ इंची क्यूएचडी उभा केला की उंची २५६० होते आणि कागदाचा दोन-तृतीयांश भाग एकदम दिसतो. मॉनिटर निवडताना हजारातले नऊशे नव्याण्णव लोक या स्टँडकडे बघतही नाहीत. माझ्या मते दस्तऐवज वाचणाऱ्याने आधी तोच पाहावा.

पडद्याचा आकार असा आडवा का, याचेही उत्तर इतिहासात आहे. जुना ४:३ हा एडिसनच्या कारखान्यातल्या डिक्सनने ठरवलेल्या फिल्मच्या चौकटीतून आला. फाळके, प्रभात आणि १९७२ साली २ ऑक्टोबरला सुरू झालेले मुंबई दूरदर्शन याच चौकटीत वाढले. १६:९ ही १९८०च्या दशकात टीव्ही आणि रुंद चित्रपट यांच्यात काढलेली तडजोड. दस्तऐवजांचा तिच्याशी काही संबंध नव्हता. योगायोगाने ती आपल्या पोथीला बरी जमते. रिद्धपूरच्या परिसरात जपलेल्या महानुभावीय पोथ्यांसारखी आडवी पाने तिच्यात सुखाने मावतात. उभे रोजनामे, जमाखर्च आणि पत्रे मावत नाहीत. १६:१० चा मॉनिटर मिळाला, तर ती वरची थोडी जास्तीची पट्टी वाचणाऱ्याच्या कामी येते.

खेळांविषयी थोडक्यात सांगते, कारण त्यात मतभेदाला जागा कमी आहे. आपल्या दूरदर्शनवर सेकंदाला ५० वेळा अर्धी-अर्धी चौकट रेखाटली जाई, कारण आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ. अमेरिकेची ६०, म्हणून तिकडचा पडदा ६०. कॉम्प्युटर तिकडून आला आणि ६० घेऊन आला. म्हणजे ज्या आकड्याला आपण ‘नॉर्मल’ म्हणतो, तो परक्या मुलखातल्या वीजघरांचा वारसा आहे. ६० हर्ट्झवर नवे चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी येते, १४४ हर्ट्झवर ६.९ मिलिसेकंदांनी. नेमबाजीच्या खेळात हा फरक हाताला जाणवतो, बुद्धिबळात आणि प्रबंधात नाही. पूर्वी चपळाईसाठी टीएन घ्यावे लागे. आता १४४ आणि त्याहून अधिक वेगाचे आयपीएस पडदे सहज मिळतात, त्यामुळे दिवसा प्रबंध आणि रात्री खेळ असा दुहेरी संसार एकाच मॉनिटरवर चालतो. आपल्या कॉम्प्युटरचे ग्राफिक्स कार्ड सेकंदाला तेवढी चित्रे काढू शकते का, हे मात्र आधी तपासा. बैल एक आणि नांगर चार, असे व्हायला नको.

उरला दुकानात जाण्याचा भाग. राजकमल चौकातल्या दुकानात जा किंवा अकोल्याच्या टिळक रोडवर, पेनड्राइव्हवर तीन फाइली न्या: मोडी किंवा जुन्या छापील मराठीचा एक स्कॅन, ज्याचा रंग तुम्ही प्रत्यक्ष पाहिला आहे अशा वस्तूचा एक फोटो, आणि एक संपूर्ण करडे चित्र. दुकानदार जो चकचकीत समुद्रकिनारा दाखवतो त्याला नम्रपणे नकार द्या. मेनूमध्ये ‘एसआरजीबी’ हा पर्याय शोधून लावा. करड्या चित्रात कोपरे काळवंडतात का, कुठे हिरवी-गुलाबी झाक येते का, ते बघा. खुर्चीवरून उठून डावीकडे, उजवीकडे, खाली वाकून बघा. लोक हसतील, हसू द्या. न उजळणारा पिक्सेल निघाला तर बदलून मिळेल का, हे बिलावर लिहून घ्या. काच चकचकीत असेल तर वऱ्हाडच्या उन्हाळ्यात खिडकीसमोर तिचा आरसा होतो, म्हणून मॅट घ्या. उरलेल्या पैशांत यूपीएस बसवा.

आणि रंगांचे काम खरोखर करायचे असेल, तर चौघांनी वर्गणी काढून एक कॅलिब्रेटर घ्या. पडद्यावर ठेवायचे हे लहानसे उपकरण तुमच्या मॉनिटरचा पांढरा मोजते आणि डी-६५ पासून तो किती ढळला आहे ते आकड्यात सांगते. दोन महिन्यांतून एकदा लावले तरी पुरे, त्यामुळे एकच उपकरण अमरावती-अकोला फेऱ्या मारत राहू शकते. कापसाच्या गंजीपुढे निकरसनबाईंचे यंत्र जे काम करत होते, तेच काम ते करते. आमच्या गटात त्याची पाळी ठरवण्यासाठी एक वही आहे. तीत तारीख, मॉनिटरचे नाव आणि पांढऱ्याचे मोजमाप लिहायचे, आणि पुढच्याने मागच्याची नोंद वाचूनच उपकरण न्यायचे.